इन्स्टॉलर इमेजची स्वयंचलित चाचणी: पहिल्या बूटपासून शेवटच्या लॉगिनपर्यंत

नागपुरातील आम्ही काही जण मिळून तालुक्याच्या शाळांसाठी डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीवर आधारलेली एक मराठी इमेज, म्हणजे प्रणाली बसवून देणारी एकच मोठी फाइल, तयार करतो. ती पेन ड्राइव्हवर घेऊन आमच्यापैकी कोणीतरी सकाळच्या एसटीने उमरेड, काटोल किंवा पारशिवनीला जातो आणि तिथल्या शाळेच्या संगणक कक्षात ती बसवतो. इमेज सदोष निघाली तर जाणाऱ्याचा दिवस वाया जातो, आणि ज्या शिक्षकांनी आमच्या शब्दावर विसंबून संगणकांवरची जुनी प्रणाली पुसू दिली, त्यांची मुले पुढची फेरी होईपर्यंत संगणकाविना राहतात. त्यामुळे इमेज घराबाहेर पडण्यापूर्वी तिची चाचणी करणे हे आम्हाला इमेज बांधण्याइतकेच महत्त्वाचे काम वाटते. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी आमची पद्धत येथे क्रमाने लिहीत आहे. उदाहरण डेबियन १२ चे घेतले आहे. फेडोरा किंवा उबुंटू या इतर लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांना फाइलींची नावे बदलावी लागतील, बाकीचा विचार तोच राहील.

पहिली तपासणी मात्र हातानेच करावी. इमेजवरून संगणक सुरू (बूट) करून, इन्स्टॉलरचा प्रत्येक प्रश्न स्वतः वाचून, कोणत्या पडद्यानंतर कोणता पडदा येतो आणि कुठे किती वेळ लागतो हे वहीत टिपून ठेवावे, कारण पुढे जी स्क्रिप्ट लिहायची आहे ती या टिपणावरूनच लिहिली जाते. ज्याने इन्स्टॉलेशन डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याला ते यंत्राकडून करून घेता येत नाही.

तयारी

लिनक्स चालणारा, किमान ८ जीबी मेमरीचा एक संगणक पुरतो. त्याच्या प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवण्याची, सोय असावी आणि ती बायोसमधून (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) चालू केलेली असावी. टर्मिनलमध्ये 'डेव्ह' फोल्डरात 'केव्हीएम' नावाची फाइल दिसली म्हणजे सोय चालू आहे असे समजावे. आपला वापरकर्ता 'केव्हीएम' गटात आहे की नाही हेही तेव्हाच पाहून घ्यावे. ही सोय नसेल तर क्यूएमू, म्हणजे आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम, संपूर्ण प्रोसेसरची नक्कल सॉफ्टवेअरने करतो आणि अर्ध्या तासाचे काम कित्येक तासांवर जाते. क्यूएमू, त्याची डिस्क बनवणारी साधने, बायोसची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआयसाठी ओव्हीएमएफ हे फर्मवेअर आणि टर्मिनलवरची ओळ वाचून उत्तर देणारे पायथॉनचे पीएक्सपेक्ट एवढी पॅकेजे बसवून घ्यावीत.

चाचणीच्या यंत्राला किती मेमरी द्यायची, याचा निर्णय आपल्या सोयीने करू नये. आमच्याकडे येणाऱ्या शाळांतील बरेच संगणक २ जीबी मेमरीचे आहेत, म्हणून व्हर्च्युअल मशीनलाही आम्ही २ जीबीच देतो. सुरुवातीला हौसेने ८ जीबी देत होतो आणि प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होत होती; शाळेत गेल्यावर मात्र तीच इमेज डेस्कटॉप उघडताना अडखळत होती.

पहिली पायरी: हातातली फाइल नेमकी कोणती

इमेज डाउनलोड केलेली असो वा आपणच बांधलेली असो, तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलीवरून निघणारा अक्षर-अंकांचा ठसा, काढून निकालाच्या नोंदीत सर्वांत वर लिहावा. डेबियन आपल्या इमेजसोबत हॅशची यादी आणि त्या यादीवरची डिजिटल स्वाक्षरी अशा दोन फाइली देते. डाउनलोड केलेल्या इमेजसाठी दोन्ही तपासाव्यात. हॅश जुळला म्हणजे फाइल वाटेत बिघडली नाही एवढे कळते, आणि स्वाक्षरी जुळली म्हणजे यादीच कोणी बदललेली नाही हे कळते. यात एक मिनिट जातो. 'शेवटची', 'नवी शेवटची', 'पक्की शेवटची' अशा नावांच्या तीन इमेज एकाच फोल्डरात पडलेल्या असताना भलतीचीच चाचणी होण्याचा प्रकार या एका मिनिटाने टळतो.

दुसरी पायरी: प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवणे

डेबियनच्या इन्स्टॉलरला प्रीसीड नावाची साधी मजकुराची फाइल देता येते. भाषा, कीबोर्ड, संगणकाचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड, डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडण्याची पद्धत, बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) कोणत्या डिस्कवर जाईल, 'बदल डिस्कवर लिहायचे का' या प्रश्नाला होकार, अशी सगळी उत्तरे तिच्यात असतात. फेडोरात हेच काम किकस्टार्ट करते, तर उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल ही पद्धत आहे.

प्रीसीड फाइल इन्स्टॉलरपर्यंत पोहोचवण्यासाठी इमेज उकलून तिच्यात फाइल घालू नये. तसे केले की आपण शाळेत नेणार आहोत त्या इमेजची चाचणी होत नाही, तिच्या बदललेल्या प्रतीची होते. तसेच इमेजमधला कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) बाहेर काढून क्यूएमूला थेट देण्याचा जवळचा रस्ता अनेक ठिकाणी सुचवलेला आढळतो. तो सोपा आहे, पण त्यात इमेजचा स्वतःचा बूटलोडर वगळला जातो, आणि जुन्या संगणकांवर पहिली अडचण बहुधा त्या बूटलोडरचीच येते.

म्हणून लांबचा रस्ता घ्यावा. आपल्या संगणकावर पायथॉनचा अंगभूत वेब सर्व्हर ८००० या पोर्टवर चालू करून त्यात प्रीसीड फाइल ठेवावी. क्यूएमूच्या साध्या नेटवर्कमध्ये व्हर्च्युअल मशीनला आपला मूळ संगणक १०.०.२.२ या पत्त्यावर दिसतो, त्यामुळे हाच पत्ता इन्स्टॉलरला द्यायचा. बायोस पद्धतीने बूट केल्यावर मेनूवर एस्केप दाबले की बूटची ओळ येते, आणि तिथे 'ऑटो' हा शब्द लिहून पुढे फाइलचा पत्ता द्यावा लागतो. 'ऑटो' लिहिल्यामुळे भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क चालू होईपर्यंत पुढे ढकलले जातात; एरवी ते फाइल मिळण्याआधीच विचारले जातात आणि चाचणी पहिल्याच पडद्यावर अडकून बसते. याच ओळीत शेवटी तीन आडव्या रेघा देऊन त्यांच्यापुढे सिरीयल कन्सोलचा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामशी नुसत्या मजकुराची देवघेव करण्याच्या मार्गाचा, पर्याय लिहावा. रेघांपुढचे पर्याय इन्स्टॉलर बसवलेल्या प्रणालीच्या बूटलोडरमध्येही उतरवतो, म्हणून बसवलेली प्रणालीसुद्धा पुढे सिरीयलवर लॉगिनची ओळ दाखवू लागते.

ही अक्षरे टाइप करण्याचे काम क्यूएमूच्या मॉनिटरमधील (क्यूएमूलाच आज्ञा देण्याच्या सोयीतील) 'सेंडकी' ही आज्ञा करते. तिला अक्षरे कळत नाहीत, कळांची नावे कळतात. तिरप्या रेघेसाठी 'स्लॅश', टिंबासाठी 'डॉट' आणि अपूर्णविरामासाठी 'शिफ्ट-सेमिकोलन' असे पाठवावे लागते, म्हणून अक्षरावरून कळेचे नाव काढणारा एक छोटा तक्ता स्क्रिप्टमध्ये ठेवावा. दोन कळांमध्ये क्षणभर थांबावे; घाईने पाठवल्यास अक्षरे गळतात आणि पत्ता अर्धवट पोहोचतो.

तिसरी पायरी: इन्स्टॉलेशन संपले हे कसे ओळखायचे

नवख्या माणसाची पहिली स्क्रिप्ट बहुधा इथेच फसते. इन्स्टॉलरला अडचण आली तर तो बंद पडत नाही. लाल पडदा दाखवून कोणीतरी एंटर दाबेल याची वाट पाहत तो रात्रभर उभा राहतो. म्हणून प्रत्येक चाचणीला वेळेची मर्यादा हवीच. लिनक्समधील 'टाइमआउट' आज्ञेने क्यूएमू चालवल्यास मर्यादा ओलांडताच ती क्यूएमूला थांबवते आणि १२४ हा अंक परत देते. मर्यादा संपत आली की थांबवण्यापूर्वी पडद्याचे चित्र जतन करण्याची सोय स्क्रिप्टमध्ये करावी. नापास झालेल्या चाचणीचे कारण दहापैकी आठ वेळा त्या एका चित्रातच सापडते, असा माझा अनुभव आहे.

दुसरीकडे, क्यूएमूला 'नो-रीबूट' हा पर्याय दिला की इन्स्टॉलर शेवटी संगणक पुन्हा सुरू करू लागताच क्यूएमू स्वतः बंद होतो. 'इन्स्टॉलेशन पूर्ण झाले' हा शेवटचा संदेश अडवून बसू नये म्हणून त्याचेही उत्तर प्रीसीडमध्ये असावे. मात्र क्यूएमू बंद झाला याचा अर्थ कोणीतरी रीबूट मागितला, एवढाच होतो. प्रणाली नीट बसली असा तो होत नाही.

मर्यादा किती ठेवावी, याबद्दल एक अनुभव सांगतो. आमच्याकडे इन्स्टॉलेशनला २५ मिनिटे लागत होती म्हणून आम्ही ३० मिनिटांची मर्यादा ठेवली, आणि हिवाळाभर सर्व सुरळीत चालले. मे महिन्यात, नवतपाच्या सुमारास, दुपारच्या चाचण्या एकामागून एक नापास होऊ लागल्या आणि पहाटेच्या मात्र उत्तीर्ण. इमेजमध्ये दोन दिवस दोष शोधल्यावर लक्षात आले की ४५ अंशांच्या उन्हात प्रोसेसर तापत होता, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता आणि तेच काम ३८ मिनिटांवर जात होते. खोलीत कूलर होता, पण दुपारी तोही गरम हवाच फेकत होता. तेव्हापासून मर्यादा नेहमीच्या वेळेच्या दुप्पट ठेवली आहे, मोठ्या चाचण्या क्रॉनकडून (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या साधनाकडून) रात्री ११ नंतर सुरू केल्या जातात आणि प्रत्येक निकालासोबत प्रोसेसरचे तापमानही नोंदवले जाते. स्क्रिप्टमध्ये 'इतके सेकंद थांब' अशी आज्ञा शक्य तिथे टाळावी आणि 'अमुक ओळ सिरीयलवर दिसेपर्यंत थांब' अशी लिहावी, याचेही कारण हेच आहे.

चौथी पायरी: इमेज काढून घेऊन दुसरे बूट

आता इमेज (आयएसओ फाइल) न जोडता, फक्त नुकतीच भरलेली डिस्क जोडून मशीन पुन्हा सुरू करावी. इमेज जोडलेलीच राहिली तर मशीन तिच्यावरूनच बूट होऊ शकते आणि बूटलोडर बसलाच नसल्याचे आपल्याला कळत नाही. पीएक्सपेक्टने सिरीयलवर लॉगिनची ओळ येईपर्यंत थांबावे, नाव आणि पासवर्ड द्यावा आणि मग प्रणालीलाच प्रश्न विचारावेत: सेवा सांभाळणारी सिस्टमडी 'रनिंग' (सर्व ठीक) म्हणते की 'डिग्रेडेड' (काहीतरी अपयशी), कोणती सेवा अपयशी ठरली आहे, भाषेची मांडणी मराठी भारत यूटीएफ-८ आहे का, वेळेचे क्षेत्र आशिया-कोलकाता आहे का, पॅकेजांची यादी ताजी होते का. इन्स्टॉलरचे स्वतःचे लॉग बसवलेल्या प्रणालीत 'व्हार' मधील 'लॉग' आणि त्यातील 'इन्स्टॉलर' या फोल्डरात राहतात. ते प्रत्येक वेळी बाहेर काढून ठेवावेत.

घड्याळाची तपासणी बहुतेक जण वगळतात. ज्या संगणकावर विंडोज शेजारी ठेवायचे असते तिथे हार्डवेअरचे घड्याळ स्थानिक वेळेवर चालते. लिनक्सने ते जागतिक वेळेचे मानले तर पडद्यावरची वेळ साडेपाच तास पुढे जाते, आणि सकाळी ११ वाजता भरलेल्या वर्गात संगणक दुपारचे साडेचार दाखवतो. क्यूएमूचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याचा पर्याय देऊन ही स्थिती घरबसल्या निर्माण करता येते.

पाचवी पायरी: पडदा पाहणारी चाचणी

इथपर्यंतचे सगळे हिरवे झाले की काम संपल्यासारखे वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. नंतर एका शाळेतून फोन आला: "सर, पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी घेत नाही." इन्स्टॉलेशनच्या वेळी त्यांनी मराठी कीबोर्ड निवडला होता. पासवर्ड ठरवताना इंग्रजी अक्षरे उमटत होती आणि लॉगिनच्या पडद्यावर मात्र देवनागरी मांडणी आपोआप चालू झाली होती. पासवर्डाच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे आपण मराठी 'अ' टाइप करतो आहोत की इंग्रजी 'ए', हे त्या शिक्षकांना कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

आमच्या चाचणीला हे का दिसले नाही, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. सिरीयल कन्सोलवर चाचणी अक्षरे पाठवते. तिथे कीबोर्डची मांडणी मध्ये येतच नाही. माणूस मात्र कळ दाबतो, आणि त्या कळेचे अक्षर कोणते हे मांडणी ठरवते. 'सेंडकी' माणसासारखी कळच दाबते, म्हणून चित्रमय लॉगिनच्या पडद्यावर तिने पासवर्ड दिला की हा दोष पहिल्याच फेरीत उघड होतो. शिवाय प्रीसीडने सगळी उत्तरे आधीच दिलेली असल्यामुळे इन्स्टॉलरचे मराठी पडदे चाचणीत उघडतही नव्हते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी फक्त चित्रमय पद्धतीत उपलब्ध आहे, मजकुराच्या पद्धतीत ती यादीतच नसते. त्यामुळे केवळ मजकुराची पद्धत तपासणाऱ्याला मराठी वापरकर्त्याचा मार्ग कधीच दिसत नाही.

या कामासाठी ओपनक्यूए हे मुक्त साधन आहे. ओपनसूसे टम्बलवीड या लिनक्स प्रणालीची प्रत्येक नवी आवृत्ती त्यातून पार पडल्यावरच बाहेर येते आणि फेडोराही ते वापरते. त्याची रीत अशी: पडद्याचे एक चित्र आणि त्यातला कोणता चौकोन महत्त्वाचा आहे हे सांगणारी एक छोटी फाइल, यांची जोडी आपण तयार करतो. तिला नीडल म्हणतात. चाचणी पडदा सतत पाहत राहते आणि तो चौकोन जुळला की पुढची कळ दाबते. जुळणीची नेहमीची मर्यादा ९६ टक्के असते.

नीडल करताना संपूर्ण पडदा घेण्याचा मोह टाळावा. घड्याळ, प्रगतीची पट्टी, लुकलुकणारा कर्सर यांपैकी काहीही चौकोनात आले की चाचणी विनाकारण नापास होते. आमच्या मराठी नीडलमध्ये आम्ही मुद्दाम 'दुसऱ्या' हा शब्द असलेली ओळ घेतो. त्यातला 'ऱ्या' नीट जुळण्यासाठी फॉन्ट आणि अक्षरजुळणी करणारी यंत्रणा दोन्ही ठीक असावी लागतात. त्यात काही बिघडले की अर्ध्या र ऐवजी पाय मोडलेला र आणि सुटा य दिसतो, किंवा नुसते चौकोन. हिंदी पडदा पाहणाऱ्याच्या नजरेतून हा दोष निसटतो, कारण हिंदीत हे जोडाक्षर येत नाही. बटणांवरचा मजकूरही पाहावा, कारण इंग्रजीच्या मापाने केलेल्या बटणात मराठी शब्द कापला जाण्याचा संभव असतो.

फॉन्टची आवृत्ती बदलली की नीडल नव्याने कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण नवे चित्र न पाहता स्वीकारू नये. मराठी वाचणाऱ्या माणसाने ते प्रत्यक्ष वाचूनच मान्य करावे.

किती प्रकार तपासायचे

बायोस की यूईएफआय, सीडी म्हणून जोडलेली इमेज की पेन ड्राइव्ह म्हणून, नेटवर्क आहे की नाही, डिस्क रिकामी की विंडोज असलेली, साधी की कूटबद्ध: या पाच जोड्यांचेच ३२ प्रकार होतात आणि प्रत्येकी ४० मिनिटे धरली तर २१ तास लागतात. रोज एवढे करणे शक्य नाही. आम्ही रोज रात्री चारच प्रकार चालवतो, ते असे निवडलेले की प्रत्येक पर्याय निदान एकदा येतो. सगळे ३२ फक्त इमेज शाळेत जाण्याच्या आदल्या शनिवारी-रविवारी.

यूईएफआयबाबत एक खबरदारी घ्यावी. ओव्हीएमएफ बूटच्या नोंदी एका वेगळ्या फाइलीत ठेवतो. प्रत्येक चाचणीसाठी त्या फाइलीची कोरी प्रत घ्यावी आणि त्या चाचणीच्या दोन्ही बूटांना तीच प्रत वापरावी. जुनी प्रत राहिली तर मागच्या इन्स्टॉलेशनची नोंद आजच्या चुकीवर पांघरूण घालते. दुसऱ्या बूटला कोरी दिली तर नीट बसलेली प्रणालीसुद्धा सापडत नाही, कारण डेबियन नेहमीच्या निवडीत बूटलोडरची जादा प्रत सर्वसाधारण जागी ठेवत नाही.

चाचणीचीच चाचणी

स्क्रिप्ट सलग आठवडाभर उत्तीर्ण होऊ लागली की तिच्यावर संशय घ्यावा. इमेजची प्रत करून तिचे शेवटचे ५० एमबी कापावेत, डिस्क फक्त २ जीबीची द्यावी, प्रीसीडमध्ये पासवर्ड बदलावा, इन्स्टॉलेशन अर्ध्यावर असताना क्यूएमू मारून टाकावा. प्रत्येक वेळी चाचणी नापास झालीच पाहिजे, आणि नापास होण्याचे कारण लॉगवरून कळले पाहिजे. आमची पहिली स्क्रिप्ट कापलेल्या इमेजलाही उत्तीर्ण ठरवत होती, कारण मागच्या फेरीची भरलेली डिस्क पुसायची राहून गेली होती आणि दुसरे बूट त्या जुन्या डिस्कवरून होत होते. आता प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला २० जीबीची नवी क्यूकाऊ-२ (क्यूएमूच्या स्वतःच्या प्रकारची) डिस्क बनवली जाते. ती लागेल तेवढीच जागा घेत वाढते, त्यामुळे जागेची चिंता नसते.

शेवटी खरा संगणक

व्हर्च्युअल मशीनमध्ये वाय-फायचे कार्ड, जुने ग्राफिक्स आणि विक्षिप्त फर्मवेअर नसते. म्हणून बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेतलेले दोन-तीन जुने संगणक आम्ही मुद्दाम ठेवले आहेत आणि प्रत्येक इमेज शेवटी त्यांच्यावर हाताने बसवून पाहतो.

पेन ड्राइव्हवर इमेज उतरवली की ती पुन्हा वाचून तपासावी. पेन ड्राइव्ह इमेजपेक्षा मोठा असतो, त्यामुळे संपूर्ण ड्राइव्हचा हॅश कधीच जुळणार नाही. इमेज जितक्या बाइटची आहे तितकेच बाइट सुरुवातीपासून वाचून त्यांचा हॅश काढावा. वाचण्यापूर्वी ड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, नाहीतर मेमरीत राहिलेली प्रतच वाचली जाते आणि खराब ड्राइव्हही चांगला ठरतो. हॅश जुळल्यावर त्याची पहिली आठ अक्षरे आणि तारीख कागदी पट्टीवर लिहून ती ड्राइव्हला चिकटवावी. काटोलहून फोन आला की आम्ही सर्वांत आधी पट्टीवरची ती आठ अक्षरे वाचायला सांगतो आणि त्या रात्रीचा लॉग उघडतो.